मायचा गुडघा आणि एक इंग्रजी शब्द

एका इंग्रजी शब्दावरून माझ्या आईनं कित्येक वर्षं हट्ट धरला, आणि त्या शब्दाचा अर्थ तिला सांगितला मी. मी शाळेत इंग्रजी शिकवते, तेव्हा अर्थ सांगणं हा माझा धंदाच आहे. मात्र वर्गातली मुलं अर्थ ऐकून विसरून जातात. माझी आई विसरत नाही.

आईला आम्ही माय म्हणतो आणि वडलांना अण्णा. आमचं गाव सिल्लोडच्या अलीकडं, जळगाव रोड सोडून आत. अण्णा फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झाले. आमच्या भागात निवृत्त फौजी पुष्कळ आहेत, पण निवृत्त झाल्यावरही फौजेतच राहिलेले तेवढे आमचे अण्णा. जेवणाला ते लंगर म्हणतात. सकाळी अंगणात सगळ्यांच्या चपला एका रेषेत लावतात, पाहुण्यांच्यासुद्धा, आणि मग निघताना पाहुण्यांना आपली चप्पल ओळखू येत नाही. बायकोला ते फॅमिली म्हणतात. लग्नाला जायचं असलं की दारात उभं राहून खुद्द मायलाच विचारायचे, "फॅमिली तयार आहे का?"

निवृत्त फौजींना आणि त्यांच्या घरच्यांना सरकारची एक आरोग्य योजना असते. पेन्शनीला निघताना एकदा वर्गणी भरली की जन्माची सोय होते. आमच्याकडं तिचं पॉलिक्लिनिक शहरात, छावणी म्हणतात त्या लष्करी भागात आहे. तिथं तपासतात, औषधं देतात, आणि मोठं काही निघालं तर योजनेत असलेल्या खाजगी दवाखान्यात पाठवतात. तिथलं बिल सरकार भरतं. अण्णांचं कार्ड सुरुवातीलाच झालं. त्यांना सर्दीपलीकडं कधी काही झालं नाही, पण महिन्यातून एकदा ते इस्त्रीचा शर्ट घालून छावणीत जायचे आणि खोकल्याच्या बाटलीबरोबर जुन्या फौजींच्या गप्पा घेऊन यायचे.

मायचं कार्ड राहिलं. त्या वेळी मी कॉलेजात होते आणि सुटीला घरी आलेली होते. अण्णांनी कागद पुढं केले, फोटो मागितला. मायनं ट्रंकेतला फोटो काढून हातात धरला आणि मला विचारलं, "माझ्या नावाम्होरं हे काय लिव्हलंय?"

"डिपेंडंट," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"आश्रित."

आमच्याकडं आश्रित म्हणजे दुसऱ्याच्या घरी तुकड्यावर राहणारं माणूस. मायनं परत एकदा विचारलं, मी परत तेच सांगितलं. ती उठली आणि फोटो ट्रंकेत ठेवून आली. "जी कुणी आश्रित असल तिचा फोटू लावा," म्हणाली, आणि म्हशीचं दूध काढायला गेली.

अण्णा माझ्यावर चिडले. दुसरा एखादा बरा शब्द सांगता आला नसता का, म्हणाले. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे की भाषांतर बरोबर होतं. चूक असेल तर ती ज्यानं तो शब्द तिच्या नावापुढं बसवला त्याची.

कारण आश्रित कोण होतं ते आम्हा भावंडांना चांगलं ठाऊक होतं. अण्णा कधी बर्फात, कधी वाळवंटात. वर्षातून एकदा सुटीवर यायचे आणि पाहुण्यासारखे राहून जायचे. मागं सगळा कारभार मायचा. कापूस, मका, म्हशी, सासूसासरे, आम्ही दोघं. विहीर तिनं खोदून घेतली, सुरुंगवाल्याशी भांडून भाव ठरवला, आणि अण्णांना पत्रात कळवलं की पाणी लागलं, काळजी नसावी. सिल्लोडच्या मोंढ्यात कापसाची गाडी घेऊन ती स्वतः जायची आणि काट्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. ती उभी असली की काटा बरोबर दाखवायचा. अशा बाईला आश्रित म्हणायचं म्हणजे काय?

तर ते कार्ड राहिलं ते राहिलंच. माझं लग्न झालं, मी शहरात आले. भाऊ शेंद्र्याच्या एका कारखान्यात लागला. आणि मग मायचा उजवा गुडघा गेला.

आधी ती भाकरी थापायला स्टूल घेऊन बसायला लागली. मग शेतात जाताना म्हशीच्या पाठीवर हात ठेवून चालायची. लोकांना वाटायचं माय म्हैस हाकतेय, पण खरं तर म्हैसच तिला नेत होती. म्हैस थांबली की मायही थांबायची आणि चाऱ्याकडं बघत असल्याचं सोंग करायची. पुढच्या हंगामात तेही जमेना. कपाशी फुटली, वेचणी आली, आणि पहिल्यांदाच माय शेतात गेली नाही. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, "आमच्या रानाकडनं आलास का रं? कापूस कसा दिसू राह्यला?" मायला रान दिसलं नाही तर ती कशी जगेल, ही मला खरोखरची भीती होती. सिल्लोडच्या डॉक्टरांनी सांगितलं की गुडघा बदलावा लागेल, नाहीतर ओट्यावरचीच जागा कायमची.

मग मी कंबर कसली. सरकारच्या कुठल्या योजनेत काय बसतं ते विचारत फिरले. चार ठिकाणी चार उत्तरं मिळाली, आणि प्रत्येक ठिकाणी साहेब जेवायला गेलेले. एवढं जेवण कुठं मिळतं तेही मला एकदा विचारायचं होतं. शेवटी सगळं समजून घेतलं आणि एका रविवारी गावी जाऊन ओट्यावर सभा भरवली. माय, अण्णा, भाऊ आणि मी.

"आधी तुझं सांग," मी भावाला म्हटलं.

"कंपनीचा विमा हाय," तो म्हणाला. "मायचं नाव बी हाय त्यात. पण आधीपासनं असलेलं दुखणं ते लगेच धरत नाहीत. थांबावं लागतं."

"त्यात मी कोण?" मायनं विचारलं.

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी काही मदत केली नाही. "माझी डिपेंडंट," तो हळूच म्हणाला.

"शाळंला जायचं नाय म्हणून कणगीमागं लपत होतास तू. तुला कानाला धरून म्या काढलं. आन् आता मी तुझी आश्रित व्हय?"

भावानं विमा मागं घेतला. मी रेशन कार्डावरची योजना काढली.

"त्यात मी कोण?"

"त्यात तू कुटुंबप्रमुख. नव्या रेशन कार्डावर घरातल्या मोठ्या बाईचं नाव वर असतं."

माय भिंतीला टेकलेली होती ती सरळ झाली. लुगड्याचा पदर नीट केला. "मंग त्याच्यावर करा."

"पण त्यांच्या यादीत गुडघा बदलणं नाही, माय. मी विचारून आले."

"मंग काय काय हाय?"

मी आठवेल तसं सांगितलं. हृदय आहे, मूत्रपिंड आहे, भाजलेलं आहे. मायनं विचार केला. "मंग हृदयाचं करून घेऊ," म्हणाली. "कुटुंबप्रमुखाला काहीतरी तर भेटू दे."

आता अण्णा घसा साफ करून म्हणाले, "फौजेच्या कार्डावर गुडघा होतो. सगळाच्या सगळा. फक्त फोटो द्यायचा."

"आन् आश्रित म्हणवून घ्यायचं."

"अगं, ते नुसतं लिहायचं असतं."

"नुसतंच लिहायचं असतं तर तुमच्या नावाम्होरं लिहा."

अण्णा खाली वाकले आणि ओट्याखालच्या आमच्या चपला सरळ करायला लागले. सभा तिथंच बरखास्त झाली.

मला राग आला होता, आणि रागात मला बरं सुचतं. मी सिल्लोडला गेले आणि मायच्या मैत्रिणीला, आमच्या खालाला, घेऊन आले. खालाचं बाजारात बांगड्यांचं दुकान. तिचा नवराही फौजी होता. तो गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मायची आणि तिची ओळख पोस्टात झाली, दोघी मनीऑर्डर घ्यायला रांगेत असायच्या. रांग संपली तरी बोलणं संपायचं नाही, म्हणून पुढं एकमेकींच्या घरी जायला लागल्या. माय मराठीत बोलते, खाला तिच्या दखनीत, आणि भांडणसुद्धा दोघी आपापल्या भाषेतच करतात.

खालानं चहा होईपर्यंत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "क्या लिखे तो क्या? मेरे नाम के आगे बेवा लिखे. तो मैं क्या घर में बैठ गई? रोज दुकान खोलतीच ना?"

"तसं नाय गं. मनाला लागतं."

"लगने दे. वो लोगां उधर सरहद पे थे, तो इधर का मोर्चा कौन संभाला? अपनेच ना? ये कार्ड वो मोर्चे का है. तेरा हक है. पैले टांग सीधी कर ले, फिर झगड. बैठे बैठे क्या झगडती?"

मायनं तिला बांगड्यांचा भाव फार लावतेस असं ऐकवलं आणि विषय बदलला. पण संध्याकाळी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. तिनं तोच जुना फोटो काढून दिला, तिशीतला. हा चालणार नाही, नवा काढावा लागेल, असं मी म्हटलं तर म्हणाली, "काऊन? मीच हाय ना ती?" शेवटी सिल्लोडला जाऊन फोटो काढला. त्यात तिनं कॅमेऱ्याकडं असं बघितलंय की समोर मोंढ्यातला काटा असावा.

कागद झाले, हेलपाटे झाले, कार्ड आलं, आणि आम्ही मायला घेऊन छावणीत गेलो. अण्णांनी ब्लेझर घातला होता. दारातल्या माणसाला त्यांनी सलाम केला, त्यानंही केला. खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "डिपेंडंट का कार्ड दीजिए." मायनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. तिनं कार्ड दिलं.

आत बाकांवर बायका बसलेल्या. सगळ्या डिपेंडंट. एकीनं एकटीनं तीन मुली शिकवल्या होत्या, एकीनं दोन दिरांची लग्नं लावून दिली होती, एक तर अजून ट्रॅक्टर चालवत होती. माय त्यांच्यात जाऊन बसली आणि थोड्याच वेळात कुणाचा नवरा बाळ केवढं झाल्यावर बघायला आला याची चढाओढ सुरू झाली. माझ्या वेळी अण्णा आले तेव्हा मी चालत होते आणि त्यांना बघून दाराआड पळाले, हे सांगून मायनं बाजी मारली. किती दिवसांनी ती इतकं हसत होती. मला फार बरं वाटलं.

मग आत बोलावलं. डॉक्टरबाईंनी गुडघा बघितला, एक्स-रे बघितला आणि कागद ओढून म्हणाल्या, "इनको रेफर कर देती हूँ."

मायचं हसू एकदम गेलं.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. सरकारी योजनेत रेफर म्हणजे चांगली गोष्ट. तिथल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली की मोठ्या दवाखान्याचा रस्ता मोकळा होतो. पण आमच्या गावाकडं रेफर हा शब्द वेगळ्याच वेळी ऐकू येतो. 'तालुक्याला नेलं होतं, तिथनं रेफर केलं' असं कुणी सांगितलं की ऐकणारा पुढं काही विचारत नाही, चप्पल घालून निघतो. रेफर केलेलं माणूस बहुधा परत येतच नाही.

बाहेर व्हरांड्यात येऊन मायनं हातातल्या पाटल्या काढायला घेतल्या.

"हे काय करतेस?"

"ह्या तुला. मोठी म्हैस इकू नका. भावाला सांभाळ, त्यो रागीट नाय पण हट्टी हाय."

"माय, गुडघ्याचं रेफर केलंय."

"डॉक्टरनी तुला सांगितलं आन् तू मला सांगू राह्यलीस. खरं काय ते सांग. मी भेत नाय."

मी तिला बसवलं, पाटल्या परत घातल्या आणि रेफर या शब्दाचा अर्थ समजावला. एका शब्दाच्या अर्थानं इतकी वर्षं घालवली होती, दुसऱ्याच्या पायी तरी हातात आलेला गुडघा जाऊ द्यायचा नव्हता. तिला पटत आलं होतं तेवढ्यात कोपऱ्यातून अण्णांचा आवाज आला. ते गावी फोनवर बोलत होते, फौजेच्या आवाजात. "रेफर झालंय! हां, रेफर! बाकी सब ठीक!"

बाकी सब ठीक हे गावात कुणीच ऐकलं नाही. संध्याकाळी आमच्या फ्लॅटखाली जीप येऊन थांबली आणि तिच्यातून अर्धी भावकी उतरली. पिठलंभाकरीचं गाठोडं होतं, आणि सगळ्यात पुढं डोळ्याला पदर लावलेली माझी चुलती होती. या चुलतीनं बांधाच्या भांडणावरून मायशी बोलणं टाकलं होतं. ती जिन्यातूनच रडत वर आली, मायच्या गळ्यात पडली, झालं गेलं विसर म्हणाली, बांध तुझाच होता म्हणाली. मायनं तिला शांतपणे रडू दिलं. सगळं बोलून झाल्यावर पाणी दिलं आणि सांगितलं, "अगं, गुडघा बदलू राह्यले."

चुलतीचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण बांधाचं ती चारचौघांत बोलून गेली होती आणि तिला ते मागं घेता येईना. पिठलं चांगलं झालं होतं. शेजारीपाजाऱ्यांनासुद्धा पुरलं.

दवाखाना जालना रोडवरचा, मोठा, काचेचा. चिठ्ठी दाखवली, कार्ड दाखवलं आणि मायला खोली मिळाली. ऑपरेशन नीट झालं. पेशंटजवळ एकानं थांबायचं होतं. मी थांबते म्हटलं, पण अण्णा म्हणाले, "ड्यूटी माझी." त्यांनी आयुष्यात कुणाला पाणी दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

ड्यूटी अशी झाली: अण्णांचा टॉवेल कुठं ठेवलाय ते मायनं पलंगावरून सांगितलं. बीपीची गोळी सकाळची की रात्रीची तेही तिनंच सांगितलं. खालून चहा आणताना दोनच कप आणा, तिसरा सांडतो, हेही तिनं सांगितलं, आणि तिसरा सांडला. पहिल्या संध्याकाळी मी डबा घेऊन गेले तर माय पडल्या पडल्या त्यांना शर्टाचं बटण कसं लावायचं ते शिकवत होती आणि अण्णा सुईत दोरा ओवायच्या खटपटीत होते. मी दारातच थांबले. ज्या माणसाच्या आवाजाला गावातली कुत्री उठतात तो माणूस दुपारभर मायचं झोपेचं इंजेक्शन उतरायची वाट बघत बसला होता, कारण तिच्याशिवाय त्याला मोजासुद्धा सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मायला चालवायचं होतं. समोर वॉकर ठेवला. नवीन ड्यूटीची एक सिस्टर बाजूला आणि व्यायाम शिकवणारा मुलगा पुढं. मायनं वॉकर घट्ट धरला आणि उभी राहिली. चेहरा पांढरा झाला होता. अण्णा मध्ये घुसून तिच्या थेट पुढ्यात उभे, उलटं चालत, हलक्या आवाजात म्हणत होते, "दाहिने. शाबास. अब बायाँ. जल्दी नहीं." ते मागं सरकायचे आणि दर वेळी व्यायामवाल्या मुलाच्या पायावर पाय द्यायचे.

सिस्टर वैतागली. "आजोबा, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुम्ही पेशंटचे कोण?"

अण्णा थांबले. टाचा जुळवल्या. अण्णा थट्टा करत नाहीत, त्यांना ती येतच नाही, त्यामुळं पुढचं ते थट्टेत म्हणाले की खरंच, हे मी आजतागायत ठरवू शकलेली नाही. सरळ समोर बघत, पॉलिक्लिनिकच्या खिडकीत सांगतात तसं त्यांनी सांगितलं.

"डिपेंडंट."

सिस्टर माझ्याकडं बघायला लागली. माझे डोळे भरून आले होते आणि मला हसूही येत होतं. माय वॉकर धरून खोलीच्या मधोमध थांबली होती. तिनं अण्णांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, मोंढ्यातल्या काट्याकडं बघायची तसं.

"मंग कार्ड दाखवा," म्हणाली, आणि उजवा पाय पुढं टाकला.